बॉस्टन ते केडगाव, मार्गे न्हावरा

आमच्या शिरूर-दौंड पट्ट्यातल्या पोरांचा खर्च अमेरिकेतल्या लोकांनी उचलायचा, ही पद्धत काही आजची नाही. १८८७ साली पंडिता रमाबाईंच्या कामासाठी बॉस्टनला 'रमाबाई असोसिएशन' निघाली आणि तिकडच्या गावोगावी 'रमाबाई सर्कल्स' उभी राहिली. दहा वर्षं वर्गणी देत राहायचं, असा वायदा होता. त्या पैशांवर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं, मग ते पुण्यात आलं आणि पुढे दुष्काळ-प्लेगच्या धामधुमीत दौंड तालुक्यातल्या केडगावात मुक्ती मिशन उभं राहिलं. इकडे आमच्या घोडनदीला, म्हणजे शिरूरला, अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं होतं. १९०० च्या दुष्काळात तर न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वाचकांकडून पैसे गोळा करून 'क्विटो' नावाचं मक्याने भरलेलं जहाजच मुंबईला धाडलं आणि अनाथ मुलांचा खर्चही वाचकांमध्ये वाटून दिला.

पैसे देणाऱ्याला चैन पडत नाही, हेही तेव्हापासूनचंच. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात असा गवगवा १८९३ साली पुण्यात झाला, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि बॉस्टनच्या कमिटीतल्या एक बाई बोटीने प्रत्यक्ष पाहणीला आल्या. आठवड्यांचा प्रवास. त्या मानाने माझा भाचा फार समजूतदार. तो न्यू जर्सीतून फक्त फोन करतो, तोही आमच्या जेवायच्या वेळेला.

"मामा, आम्ही एक मूल स्पॉन्सर करायचं म्हणतोय. भारतातलं. संस्था तुम्ही निवडा."

शेजारचे पाटील तेव्हा ओसरीवर बसले होते. परदेशातून मूल दत्तक घेतात एवढंच त्यांच्या कानावर पडलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सातबाऱ्यावर नाव चढतं का त्याचं?" नाही म्हटल्यावर त्यांचा या विषयातला रस संपला.

भाच्याचा अभ्यास मात्र दांडगा. लहानपणी एवढा केला असता तर गणितात पस्तीस पडले नसते. त्याने मला एक तक्ताच पाठवला. त्यात १९३७ साली स्पेनच्या यादवी युद्धातल्या मुलांसाठी सुरू झालेली 'प्लॅन' होती, कोरियातल्या अनाथांसाठी १९५२ साली सुरू झालेली 'कम्पॅशन' होती. शेवटच्या रकान्यात त्याचे शेरे. १९९८ साली 'शिकागो ट्रिब्यून'च्या बातमीदारांनी स्वतःच मुलं स्पॉन्सर करून पाहिली, तर मालीमधली एक मुलगी मरून बराच काळ लोटला तरी तिच्या नावाने पैसे चालूच होते, म्हणून एका संस्थेवर फुली. 'कम्पॅशन'ने २०१७ साली भारतातलं काम गुंडाळलं, म्हणून तिच्यावर फुली. पण त्याच 'कम्पॅशन'च्या मुलांवर सहा देशांत अभ्यास झाला होता, भारतही त्यात होता, आणि २०१३ साली तो छापून आला. अशी मुलं इतरांपेक्षा सरासरी वर्षभर किंवा त्याहून थोडी जास्त शाळेत टिकतात असं त्यात निघालं, म्हणून फुलीवर पुन्हा एक टिक.

"वर्षभर जास्त?" ही आतून म्हणाली. "तो आपल्याकडे अकरावी-बारावीला दोन वर्षं राहिला. त्याचा कुणी अभ्यास केला का?"

खरंच राहिला होता. माझ्या ताईचं सासर दौंडकडचं, एसटीचे हाल नकोत म्हणून तो शिरूरला आमच्याकडे. फी मी भरली, डबा हिने केला. आम्हाला ना त्याचा फोटो आला, ना सहामाही अहवाल. आला तो बिबट्याच्या भीतीने मळ्यातून उशिरा परतल्याचा बहाणा, आणि तोही अधूनमधून.

मी केडगावचं नाव सुचवलं, घरच्या वाटेवरचं आणि शंभर वर्षांच्या पुढचं म्हणून. पण भाच्याला 'एकच मूल, चेहरा ठरलेला' असं हवं होतं. मग कुणीतरी सांगितलं, पारगावच्या बाजूला एक छोटी संस्था गुऱ्हाळावरच्या मजुरांची पोरं शाळेत घालते, वह्या-दप्तर पुरवते. आपला ट्रस्ट आहे, ऑडिट वेळेवर होतं, ऑफिस म्हणजे एक कपाट. भाच्याच्या भाषेत ओव्हरहेड शून्य. डोक्यावर पत्राही अर्धाच.

न्हावऱ्यावरून खाली उतरलं, भीमा ओलांडली की वाऱ्याला गुळाचा वास यायला लागतो. ज्या गुऱ्हाळावर गेलो तिथे चुलवाण धडधडत होतं, काहिलीतला रस फेस टाकत वर येत होता आणि गुळव्या एका पायावर भार देऊन त्याकडे डोळा लावून उभा होता. बाहेर उन्हात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा ओलं चिपाड काठीने पसरत होता. आईबाप उत्तर प्रदेशातले, मराठी तो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेला, आमच्या भाच्याच्या मुलांपेक्षा स्वच्छ बोलायचा. भाच्याने कुठल्याशा मोठ्या संस्थेच्या नमुन्यावरून एक फॉर्म बनवून पाठवला होता. तो मी भरायला घेतला.

"घरात तुझी जबाबदारी काय?"

"चिपाड वाळवायचं. बारकीला काहिलीजवळ जाऊ द्यायचं नाही."

"आवडता रंग?"

त्याने आत रचलेल्या ढेपांकडे पाहिलं. "पिवळा. काळ्याला भाव पडतो."

"मोठेपणी कोण होणार?"

"गुळव्या. मालकसुद्धा त्याचं ऐकतो."

रात्री मी हे सगळं फोनवर वाचून दाखवलं. भाचा बराच वेळ काही शोधत होता. "मामा, यात डॉक्टर, शिक्षक, पोलीस आणि पायलट आहे. 'इतर'वर टिक करू का?"

मूल ठरलं, संस्था ठरली, आता पैसे पाठवायचे एवढंच राहिलं, असं आम्हाला वाटलं. संस्थेच्या हिशेबनिसांनी मात्र पहिल्याच वाक्यात विचारलं, "पासपोर्ट कुठला?" आता याचा मुलाच्या दप्तराशी काय संबंध? तर आहे. परकीय देणगी घ्यायची तर संस्थेकडे एफसीआरएची नोंदणी हवी, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरायला हवा. म्हणजे न्यू जर्सीतून पारगावला यायचं ते दिल्लीला वळसा घालून. या कपाटवाल्या संस्थेकडे ती नोंदणी नव्हतीच. भाच्याने मागच्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं, हात वर करून शपथ घेतानाचा फोटोही पाठवला होता. त्या फोटोपासून त्याचा डॉलर कायद्याने परकीय झाला.

"आणि सूनबाईचा?" हिने विचारलं.

सूनबाईने अजून भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय देणगीत धरत नाहीत. एकाच घरात, एकाच टेबलावर जेवणारे दोघे. नवऱ्याचा पगार विदेशी, बायकोचा स्वदेशी. हिशेबनिसांनी फक्त एवढंच बजावलं की पैसे बाईंच्या एकटीच्या खात्यातून येऊ द्या, जॉइंट नको, उगाच वाद नको.

सूनबाईने फोन घेतला. तिने ना ओव्हरहेड विचारला, ना आवडता रंग. "मामा, गुऱ्हाळ बंद झालं की ते गावी जातात का? मग पैसे जूनमध्ये पाठवू की परत आल्यावर?" एवढ्या तक्त्यात हा रकाना कुणाला सुचला नव्हता.

भाचा जरा हिरमुसला. "मग मी काय करू?"

"तू पत्र लिही," ही म्हणाली. "पत्राला दिल्लीची परवानगी लागत नाही."

पत्र आलं. मोबाइलवर टाइप केलेलं, मराठीत, चार ओळी. त्यात तीन प्रश्न, तेच फॉर्मवरचे. हिने ते मुलाला दिलंच नाही. उलट टपाली कळवलं की त्याची सगळी माहिती तुला मिळाली आहे, तुझी त्याला काहीच नाही. आधी आपला फॉर्म भरून पाठव.

परवा तो भरून आला. आवडता रंग: निळा. मोठेपणी कोण होणार: रिकामं. घरातली जबाबदारी: डिशवॉशर लावणे, शनिवार-रविवार.