निफाडचा पारा आणि तुमचे तूप

आपल्या हाताला चव आहे, हे यंदाच्या हिवाळ्यात घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि फोनमधल्या सगळ्या ग्रुपांना पटवून द्यायचे ज्यांनी मनावर घेतले आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. हाताला खरोखर चव असण्याची अट नाही. ज्यांना आधीपासून स्वयंपाक येतो त्यांना जरा जड जाईल. त्यांचा एखादा पदार्थ चुकून चांगला होतो, लोक तो तिथल्या तिथे खाऊन टाकतात आणि फोटो राहून जातो. नवशिक्यांना हा धोका नाही. तेव्हा धीर धरा आणि खालील पायऱ्या क्रमाने चढा.

१. आधी थंडी मिळवा.

हिवाळी पदार्थांना हिवाळा लागतो, आणि मुंबई-ठाण्याकडे तो नगावर मिळतो. डिसेंबरात दोन पहाटा, जानेवारीत तीन. म्हणून थंडी बाहेरगावाहून मागवा. वर्तमानपत्रात दरवर्षी दोन बातम्या ठरलेल्या असतात: निफाडचा पारा घसरला, आणि महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ हिमकण दिसले. यांपैकी जी आधी येईल ती मोठ्याने वाचा. निफाडला त्या थंडीने द्राक्षमण्यांना तडे जातात आणि बागाईतदार पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवतात. तुम्ही पंखा पाचावरून तीनवर आणा, स्वेटर घाला आणि म्हणा, "अशा थंडीत तूप पोटात गेलंच पाहिजे." घाम आला तर स्वेटर काढू नका. तूप अजून गेलेले नाही.

२. ओव्हन विकत घ्या.

माळ्यावर एक गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन असेल, झाकणाला काचेची खिडकी असलेला. त्याला तापमानाचे बटण नाही, वेळेची घंटा नाही, आणि तरीही आजीने त्यात वर्षानुवर्षे केक केले. तो खाली काढू नका. त्यात केक बिघडला तर दोष कुणावर टाकणार?

त्याच्याही आधीची पद्धत म्हणजे रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे, भट्टीवाल्याकडून नानकटाई भाजून घ्यायची आणि पत्र्याचा डबा भरून घरी आणायचा. ही पद्धत तर मुळीच नको. नानकटाई उत्तम होते, हाच तिचा तोटा. सगळे भट्टीचे नाव घेतात.

कुकरमध्येही केक होतो. तळाला मीठ किंवा वाळू, शिट्टी आणि रबर काढलेले, मंद आच, बस. पण कुकरचा फोटो कोण टाकतो?

तेव्हा दोन माणसांच्या घरासाठी चाळीस लिटरचा ओटीजी आणा. ओट्यावर जागा किती आहे ते नंतर मोजा. ओटीजी बसवण्यासाठी मिक्सर फ्रिजवर जाईल, फ्रिजवरचा पोळ्यांचा डबा खिडकीत जाईल आणि खिडकीतली तुळस ग्रिलमध्ये तिरकी उभी राहील. हा तात्पुरता त्रास आहे. मार्चपासून ओटीजीत कढया, तवे आणि न लागणारी झाकणे छान मावतात. त्यासाठी चाळीस लिटरच बरा.

३. कृती परदेशी निवडा.

कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० सालचे. त्यात मापे वाटी-चमच्याची. वाटी लहान असो की मोठी, सगळे त्याच वाटीने मोजले की प्रमाण जमते. इतक्या सरळ पुस्तकाने तुमचे काय भले होणार? डिजिटल काटा घ्यायलाही निमित्त उरत नाही.

अमेरिकन कृती घ्या. तिच्यात ओव्हन ३५० वर तापवा असे लिहिलेले असेल. तुमच्या ओटीजीची चकती २५० ला संपते. चकती जाईल तिथवर फिरवा आणि उरलेल्या शंभर अंशांसाठी वेळ वाढवा. ते ३५० फॅरनहाइट होते, म्हणजे आपले साधारण १७७ सेल्सिअस, हे केक कोळसा झाल्यावर कुणीतरी बारावीतला भाचा सांगेल. त्याला केक देऊ नका. (दिला तरी तो घेणार नाही.)

तिकडचा कप सुमारे २४० मिलिलिटरचा. तुमच्याकडचा कप चहाचा, कान तुटलेला. मैदा मापाच्या कपाने घ्या आणि दूध कानतुटक्या कपाने, म्हणजे दोन्ही संस्कृतींचा मान राहतो. 'एक स्टिक बटर' म्हणजे ११३ ग्रॅम. तुम्ही पाकिटातली अख्खी वडी घाला, कमी पडायला नको. पुढे 'बटर खोलीच्या तापमानाला असावे' ही ओळ येईल. ज्याने ती लिहिली त्याच्या खोलीत वीस अंश असतात. तुमच्या डोंबिवलीच्या खोलीत दुपारी बटर ताटलीतून ओघळून ओट्याखाली पोचलेले असेल. ते खोलीच्या तापमानालाच आहे, काळजी नको.

४. केक बिघडवण्याचे शास्त्र.

नवशिक्यांना वाटते केक आपोआप बिघडतो. नाही, त्यालाही पद्धत आहे.

मैदा घातल्यावर मिश्रण हलक्या हाताने जेमतेम एकत्र करायचे असते. जास्त घोटले की मैद्यातले ग्लुटेन ताणले जाते आणि केक चिवट होतो. म्हणून भरपूर घोटा. इडलीचे पीठ फेटणारा हात थांबवू नका. घरात तिघे असतील तर तिघांनी पाळीपाळीने घोटा, प्रेम वाढते.

सोडा आणि बेकिंग पावडर एकच समजा. सोड्याला काम करायला दही, लिंबू, व्हिनेगर असे काहीतरी आंबट लागते. पावडरीत आंबट घटक आधीच असतो. तुम्ही आंबट काही न घालता सोडा चमचाभर घाला. साबणाची चव येईल. पाहुण्यांना सांगा, लव्हेंडर आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे: केक फुगायला लागला की दार उघडा. आतला वायू फुगून केक वर आलेला असतो, पण अंडे आणि मैदा अजून घट्ट बसलेले नसतात. थंड हवेचा एक झोत पुरतो. घरातल्या प्रत्येकाने एकेकदा दार उघडून "झाला का?" विचारावे. सासऱ्यांनी दोनदा विचारावे, त्यांचा मान आहे. मधोमध सुबक खड्डा पडेल. त्यात क्रीम भरा.

तयार केकला स्थितीप्रमाणे नाव द्या. कच्चा राहिला तर लाव्हा केक. करपला तर कॅरमलाइझ्ड. कडक झाला तर बिस्कॉटी, ती मुळात दोनदा भाजतातच. भांड्यातून निघालाच नाही तर चमच्याने खरवडून काचेच्या ग्लासात थर लावा, वर कस्टर्ड ओता, ट्रायफल झाले. यांपैकी काहीच जमले नाही तर रस्टिक हा शब्द आहे, त्याला पुरावा लागत नाही.

नाताळच्या सुमारास बिबिंका करण्याची ऊर्मी येते. आवरा. गोव्यात नारळाचे दूध, अंड्यांचे बलक, साखर, मैदा आणि जायफळ यांचा एक थर ओतायचा, वरून आच देऊन तो भाजायचा, वर तूप सोडायचे, मग पुढचा थर, असे सात किंवा त्याहून जास्त थर चढतात आणि सगळी दुपार जाते. तुम्ही म्हापशाच्या बाजारातून तयार आणवा आणि स्वतःच्या सुरीने कापा. फोटोखाली 'घरी कापलेली' लिहा. लोक घाईत वाचतात.

५. पौष्टिक हा शब्द पाठ करा.

मैद्याऐवजी नाचणी घाला. नाचणीत ग्लुटेन नाही, त्यामुळे केक हातात घेताच त्याची रांगोळी होते. ती चमच्याने खा. साखरेऐवजी गूळ घाला. वजनाला वजन घेतले तर दोन्हींच्या उष्मांकांत फरक नावापुरता, पण गुळाला संस्कार आहेत. तिसरा तुकडा घेताना "गुळाचा आहे" एवढेच म्हणायचे. चौथ्याला काही म्हणायची गरज पडत नाही, तोंड भरलेले असते.

६. डिंकाचे लाडू.

इथे जरा थांबावे लागेल. केक बिघडला तर जग हसते. डिंकाचा लाडू बिघडला तर आत्या हसते, आणि ती लग्नकार्यातही हसते.

कृती आत्याकडूनच घ्या. फोनवर संवाद असा होईल.

"आत्या, डिंक किती घ्यायचा?"

"घे की लागेल तेवढा."

"आणि तूप?"

"पिईल तेवढं."

"गूळ?"

"अगं, अंदाजानं. एवढं काय विचारतेस, डोळे नाहीत का तुला?"

भाचीच्या जागी भाचा असेल तर याच ठिकाणी "बायको कुठाय?" असा प्रश्न येईल. उत्तर देऊ नका. नेटवर्क गेले म्हणा.

आत्याला सगळी मापे ग्रॅमपर्यंत ठाऊक आहेत. ती सांगणार नाही. ज्या बाईने पन्नास वर्षे लाडवांच्या जोरावर माहेरी वट टिकवली, ती आपली वट फोनवर का सोडील? म्हणून तिच्या घरी जा, मदतीचे नाव काढून ओट्याशी उभे राहा आणि पाहा. डिंक आदल्या दिवशी उन्हात ठेवलेला असतो. तूप तापवून, आच मंद करून, ती तो थोडा थोडा सोडते, आतपर्यंत फुलेतो थांबते. आत कच्चा राहिलेला डिंक दाताला असा चिकटतो की दंतवैद्याकडे तोंड उघडत नाही. मग किसून भाजलेले सुके खोबरे, खारकेची पूड, खसखस, बदाम, वेलदोडा, जायफळ. शेवटी गूळ तुपात विरघळेपर्यंतच तापवते आणि लगेच उतरवते. या क्षणी ती तुम्हाला हमखास बाहेर पाठवेल, "बघ गं, दारात कोण आलंय." कुणी आलेले नसते. तुम्ही परत येता तेव्हा लाडू वळून झालेले असतात.

घरी येऊन तुम्ही केलेत की गुळाचा पाक पुढे जाईल आणि लाडू दगड होतील. असू द्या. बत्त्याने फोडून वाटीत द्या आणि ग्रॅनोला म्हणा. उलट झाले, लाडू वळलेच नाहीत, तर तो चुरा दुधात घालून द्या. वाटीत दिलेला पदार्थ फसलाय असे आपल्याकडे कुणी म्हणत नाही.

आता खाण्याविषयी. हे लाडू बाळंतिणीसाठी होते. घरात बाळंतीण नसेल तर पहाटे मोटेवर जाणाऱ्यासाठी, दिवसभर रानात राबणाऱ्यासाठी. तुम्ही दोन्ही नाही. तुमचा दिवसातला मोठा प्रवास पलंगापासून लॅपटॉपपर्यंतचा आहे. तरी बिनधास्त खा. डिंक कमरेला चांगला असे सगळ्या म्हाताऱ्या सांगतात, आणि दहा तास खुर्चीत बसणाऱ्याइतकी कंबर कुणाची दुखते? सकाळी एकच खावा असा दंडक आहे; रविवारची सकाळ जेवणापर्यंत चालते हे ध्यानात ठेवा. वजनकाटा पलंगाखाली सरकवा. डिजिटल काटा आणलाच आहे, तो बटरपुरता पुरे.

७. भोगी आणि हुरडा, थोडक्यात.

भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी करतात. पिठात ग्लुटेन नाही, म्हणून कढत पाण्याने मळून थापावी लागते. तुमची तव्यावर टाकताना महाराष्ट्राच्या नकाशासारखी होईल आणि विदर्भ वेगळा पडेल. सासूबाईंची फुगेल. फोटो फुगलेलीचा काढा, हात तुमचा दिसेल असा.

हुरड्यासाठी सोलापूर किंवा नगरकडच्या एखाद्या शेतावर माणशी पैसे भरून जा. गुळभेंडी ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, तळहातावर चोळून तुमच्या पुढ्यात येतील. लसणाची चटणी लावून खा आणि भाजणाऱ्याला विचारा, "ग्लुटेन-फ्री आहे ना?" तो हो म्हणेल. तो दिवसभर हो म्हणतोय.

८. फोटो.

पदार्थ खिडकीपाशी न्या. शेजारी दालचिनीची कांडी ठेवा, पदार्थात नसली तरी. जुने पितळी भांडे असेल तर चिंच लावून घासा. सबंध प्रकल्पातली खरी मेहनत एवढीच. तोवर कुणालाही हात लावू देऊ नका. मुले रडली तर मागे दाराआड रडवा. वाफ हवी असेल तर पदार्थामागे चहाचा कप लपवा, तो कानतुटका.

९. वाटप.

फोटो झाल्यावर पदार्थ उरतो, हा या छंदाचा एकमेव दोष. घरचे दोन दिवस कौतुक करतात, तिसऱ्या दिवशी बाहेर जेवून येतात. मग शेजारी डबा पाठवा. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, त्यामुळे तुमच्या नानकटाईच्या बदल्यात चांगली गुळपोळी येण्याची शक्यता असते. पण डबा निवडताना सावध राहा. जुन्या स्टीलच्या डब्यांवर नाव, गाव आणि तारीख कोरलेली असते, आणि दगडी लाडू कुणाच्या दाढेवर बसला तर ते नाव सोसायटीच्या वार्षिक सभेत निघते. प्रत्येक घरात एक तरी डबा असा असतो, ज्यावर भलत्याच कुणाचे नाव आहे आणि तो आपल्याकडे कसा आला ते कुणाला आठवत नाही. लाडू त्यात भरा.