बापाच्या उशाशी तह

१७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी निजामाला उदगिरात कोंडीत धरलं आणि साठ लाखांचा मुलूख सोडायला लावला. आमच्याकडं असे तह अजून होतात. त्यासाठी फक्त अण्णांना अंथरूण धरावं लागतं. मग पुण्याहून थोरले येतात, हैदराबादहून धाकटे. ‘अण्णा, वळखलंत का?’ हा पहिला प्रश्न. दुसरा खालच्या आवाजात: ‘सही जमते का अजून, का अंगठा घ्यावा लागंल?’ सलाईनच्या बाटलीखाली सातबारा उलगडतो. रोडलगतचे दोन एकर कुणाचे, ही चर्चा मधली सून चहा गाळता गाळता ऐकते. अण्णांचं हगणं-मुतणं इतकी वर्षं तिनंच काढलंय, त्यामुळं तिला कुणी काही विचारत नाही. अक्काचा भाव मात्र वधारलेला. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनं तिला भावाइतकाच हिस्सा दिलाय, आणि हक्कसोडपत्रावर सही तिचीच लागते. बदल्यात साडी, ती पण सेलमधली.

लातूर जिल्हा परिषदेनं २०२०मध्ये यावर जालीम औषध काढलं होतं. आईबापाला न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याचा ३० टक्के पगार कापायचा आणि आईबापाच्या खात्यात टाकायचा. काहींचा कापलाही, त्यात गुरुजीसुद्धा निघाले! औषध चांगलंच, पण आमचे थोरले आयटीत.

अण्णा चिवट. चार दिवसांनी उठून बसले, पिठलं-भाकर मागितली. थोरल्यांनी डॉक्टरांना जिन्यात गाठलं, ‘नक्की सांगा साहेब, रजा वाढवू, का पुन्हा येऊ?’