पसरणी घाटातील शक्तिक्षय

हायब्रिड मोटार म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंच्या बळावर चालणारे वाहन, अशी सर्वसाधारण व्याख्या केली जाते. परंतु पुण्यातील एखादे कुटुंब अशी मोटार घेऊन मे महिन्यात पाचगणीस निघाले, की या दोन बळांत मागील आसनावरून अखंड मिळणाऱ्या सूचनांच्या तिसऱ्या बळाची भर पडते आणि व्याख्या अपुरी ठरते. प्रस्तुत लेखाचा विषय असलेला शक्तिक्षय, म्हणजे चालकाने वेगवर्धकावर कितीही पाय दाबला तरी चाकांपर्यंत पुरेशी शक्ती न पोहोचणे, हा पहिल्या दोन बळांशी संबंधित असला, तरी त्याच्या निदानाचा सारा इतिहास तिसऱ्या बळाने घडवला आहे.

या कुटुंबात गृहस्थ, त्यांच्या पत्नी, शहाऐंशी वर्षांचे आजोबा, नववीतला मुलगा आणि कोणत्याही यंत्राविषयी मत असलेले मेहुणे असे पाच जण होते. सामानाची यादी देणे जागेअभावी शक्य नाही. मात्र पाचगणीस उन्हाळ्यातही रात्री गारठा असतो, या आजोबांच्या ठाम समजुतीमुळे दोन गोधड्यांची एक भरगच्च वळकटी मागील आसन आणि दार यांच्यामध्ये ठासून बसवण्यात आली होती, एवढे वाचकाने ध्यानात ठेवावे. वाईस ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यायचे ठरले होते, परंतु वाहने लावण्यास जागा न मिळाल्याने ते परतीच्या प्रवासावर ढकलण्यात आले. मराठी विश्वकोशाची निर्मिती ज्या गावात झाली, ते हेच गाव, हे गृहस्थांनी मुलास सांगितले आणि मुलाने कानातले इअरफोन न काढता ते ऐकले.

वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. मधला सुमारे १२ किलोमीटरचा रस्ता पसरणी घाटातून जातो. माणसे व सामान धरून २००० किलो वजनाचे वाहन ६०० मीटर वर उचलायचे, तर घर्षण वगैरे सोडूनही साधारण सव्वातीन युनिट ऊर्जा लागते. युनिट म्हणजे वीजबिलात असते तेच. या प्रकारच्या मोटारींतील बॅटरीत मात्र एक-दीड युनिटापलीकडे काही मावत नाही, आणि त्यातलाही थोडाच भाग वापरू दिला जातो. तेव्हा घाट चढण्याचे बहुतेक काम इंजिनच करते आणि बॅटरी ऐन वळणावर हातभार लावते. हे गणित गृहस्थांना ठाऊक नव्हते. विक्रेत्याने सांगितलेला मायलेजचा आकडा तेवढा तोंडपाठ होता.

घाटाच्या मध्यावर मोटारीचा वेग उतरू लागला. समोरच्या पटलावर एक पिवळी खूण आणि तिच्याखाली इंग्रजीतील एक वाक्य उमटले, जे वाचून होईपर्यंत नाहीसे झाले. प्रथम एस.टी. पुढे गेली, मग पाण्याचा टँकर, आणि शेवटी दोन गॅस सिलिंडर बांधून निघालेल्या मोपेडस्वाराने मागे वळून सहानुभूतीने पाहिले. जपानमध्ये १९९७ च्या डिसेंबरात विक्रीस आलेल्या पहिल्या प्रिअस मोटारीच्या पटलावर अशा वेळी कासवाचे चित्र उजळत असे. पुढील काळात त्याऐवजी शब्द आले; परंतु मोपेडने मागे टाकलेल्या माणसास वस्तुस्थिती कळवण्याच्या कामी ते कासवच अधिक प्रामाणिक होते, असे म्हणावे लागते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. असा शक्तिक्षय पुष्कळदा बिघाड नसून बिघाड टाळण्यासाठी मोटारीने स्वतःच घेतलेली माघार असते. बॅटरी, तिची वीज मोटरीस मानवेल अशा रूपात बदलणारा इन्व्हर्टर, किंवा मोटर यांपैकी काहीही मर्यादेबाहेर तापले, की नियंत्रक संगणक विजेचा पुरवठा आखडता घेतो. या अवस्थेस संरक्षक अवस्था म्हणतात. टोयोटा कंपनीने २०१४ साली जगभरातून सुमारे १९ लाख प्रिअस मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, त्या इन्व्हर्टरमधील ट्रान्झिस्टर अतितप्त होऊन वाहन या अवस्थेत जाण्याचा, क्वचित बंदच पडण्याचा संभव असल्यामुळे. आणि २०१८ साली आणखी सुमारे २४ लाख हायब्रिड मोटारी बोलावल्या, त्या काही प्रसंगी वाहन या अवस्थेत जावे तसे जात नसल्यामुळे. माघार घेणारी मोटार त्रासदायक खरी, पण माघार घ्यायची असूनही न घेणारी अधिक धोकादायक, हा या दोन घटनांमधील फरक घाटात उभ्या असलेल्या मेहुण्यांना पटवून देण्याची सोय नव्हती.

गृहस्थांनी वळणापुढे रुंद जागा पाहून मोटार बाजूस घेतली, चारही इंडिकेटर लावले आणि ती बंद करू लागले, पण "बाबांना उकडेल, ए.सी. राहू दे," असे पत्नीने सांगितल्यामुळे ती चालूच राहिली. पाचच मिनिटांत तेथे एक वडाप, म्हणजे वाटेत प्रवासी घेत-सोडत जाणारी जीप, थांबली आणि तिचा चालक प्रवाशांसह खाली उतरला. त्या भागात बंद मोटारीपाशी न थांबणे असभ्य समजले जाते, आणि थांबून सल्ला न देणे त्याहून.

"काय झालं ओ, सायेब? तापली जणू. बोनेट उघडा, पाणी मारू."

बोनेट उघडण्यात आले. आतील नारिंगी रंगाच्या जाड तारा पाहताच त्या अनुभवी माणसाने हातातला पाण्याचा कॅन खाली ठेवला. "ह्यात हात नाय घालायचा," एवढेच तो म्हणाला. हायब्रिड मोटारीत २०० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाची वीज वाहून नेणाऱ्या तारा नारिंगी आवरणाच्या असतात, आणि त्यांविषयी यापेक्षा नेमके तांत्रिक मार्गदर्शन कोणत्याही ग्रंथात सापडत नाही.

मग धक्का मारण्याचा प्रस्ताव आला. वडापमधील चौघे बाह्या सरसावून मागे उभेही राहिले. मोटार चालूच आहे, ही बाब त्यांच्या उत्साहाआड आली नाही. धक्का मारून मोटार सुरू करण्याची विद्या क्लचवर अवलंबून असते: चाके फिरली, की क्लचमार्गे ती इंजिनास फिरवतात. शक्तिविभाजक पद्धतीच्या हायब्रिडमध्ये असा क्लच नसतो आणि नेहमीचा स्टार्टरही नसतो. इंजिन, दोन मोटर-जनित्रे आणि चाके ही ग्रहीय दंतचक्रांच्या एका संचाने जोडलेली असतात, ज्यात मधले चक्र सूर्याचे, त्याभोवतालची चक्रे ग्रहांची आणि बाहेरील कडे या दोहोंस वेढणारे असते, आणि इंजिनास जाग आणण्याचे काम एक मोटर बॅटरीच्या विजेवर करते. तेव्हा धक्क्याने मोटार पुढे सरकेल, इंजिन मात्र जागे होणार नाही. मुलाने मोबाईलवरून हे वाचून दाखवले, तेव्हा आजोबांनी आतून, कोणता ग्रह वक्री आहे, अशी चौकशी केली.

मेहुण्यांचे पहिले निदान पेट्रोल संपल्याचे होते, आणि ते वाटते तितके हास्यास्पद नाही. टाकी रिकामी झालेली हायब्रिड मोटार लगेच थांबत नाही. ती उरलेल्या विजेवर काही अंतर रेटते आणि मग मरगळते, त्यामुळे चालकास दोष विजेचा वाटतो. येथे टाकी अर्धी भरलेली होती. दुसरे निदान लहान बॅटरीचे. संगणक, दिवे व बटणे चालवणारी १२ व्होल्टची एक साधी बॅटरी हायब्रिडमध्येही असतेच, आणि चालत्या वाहनात तिला वीज पुरवणारा परिवर्तक निकामी झाला, तर तीही उतरत जाऊन साऱ्या यंत्रणेस बरोबर घेऊन बुडते. पण दिवे लख्ख होते. इन्व्हर्टरचे शीतक खेळवणारा छोटा पंप बंद पडणे, हे तिसरे आणि खरोखर विचारात घेण्याजोगे कारण. काही मोटारींत त्याची वेगळी टाकी असते आणि मोटार चालू असताना तिच्यात हालचाल दिसली नाही, तर संशय बळावतो. हालचाल दिसली. यानंतर मेहुण्यांनी मोबाईलवर शोध घेतला आणि पी०ए८० या दोष-संकेतांकाचा अर्थ "बॅटरी-संच बदला" असा होतो, हे वाचून त्याची लाखाच्या घरातील किंमत मोठ्याने जाहीर केली. हा संकेतांक या मोटारीत नोंदला गेला आहे की नाही, हे पाहण्याचे साधन जवळ नव्हते. परंतु गृहस्थ कठड्यावर बसले.

त्यांना बसलेले पाहून पत्नीने मागील दार उघडले, वळकटी ओढून काढली, गोधडी झाडाखाली अंथरली आणि चिवड्याचा डबा उघडला. वडापमधील मंडळींनाही आग्रह झाला. अर्ध्या तासाने, आता क्रेन बोलवावी की काय, अशी चर्चा चालू असता गृहस्थांनी सहज मोटार पुढे घेतली, आणि ती काहीच घडले नसल्याप्रमाणे चढ चढू लागली.

श्रेयाची वाटणी तत्काळ झाली. मेहुण्यांच्या मते त्यांनी मोबाईलचे ब्लूटूथ तोडल्याने संगणकाचा गोंधळ मिटला होता. वडापचालकाच्या मते इंजिनास वारा लागला होता. आजोबांनी राहिलेला नमस्कार तेथूनच वाईच्या दिशेने केला होता. गोधडीचे नाव कोणीही घेतले नाही आणि उरलेल्या वाटेत ती आजोबांच्या पायांवर राहिली.

परतीच्या वाटेवर, उतारावर, पाय वेगवर्धकावर नसतानाही इंजिन एकाएकी मोठ्याने घोंघावू लागले आणि मोटारीत पुन्हा आणीबाणी जाहीर झाली. वास्तविक उतारावर मोटर जनित्राचे काम करून चाकांची गती विजेत बदलते व बॅटरी भरते. बॅटरी भरली, की वीज ठेवायला जागा उरत नाही, म्हणून संगणक ती खर्चून इंजिन नुसतेच फिरवतो आणि त्याचा ब्रेकसारखा उपयोग होतो. आवाज भयंकर असला, तरी दोष शून्य. वाईस या वेळी वाहनाला जागा मिळाली आणि दर्शन सविस्तर घेण्यात आले.

पुण्यातील तंत्रज्ञाने सुकाणूचक्राखालील निदान-सांध्यास आपले यंत्र जोडले, बॅटरीच्या शीतकरणाशी संबंधित नोंद वाचली, आणि काही न बोलता मागील आसनाच्या बाजूची एक जाळी उघडली. अनेक हायब्रिड मोटारींत बॅटरी मागील आसनाखाली किंवा आसनामागे असते आणि तिचा पंखा याच जाळीतून आतील गार हवा ओढतो. जाळीमागची गाळणी गोधडीच्या तंतूंनी आणि चिवड्यातल्या कढीपत्त्याने भरलेली होती. घाटात वळकटी निघाली आणि ए.सी. चालू राहिला, तेव्हा बॅटरीस हवी ती हवा अनायासे मिळाली. सर्वांत अचूक उपचार ज्यांनी केला, त्या पत्नीस तोपर्यंत कोणी मत विचारलेले नव्हते, आणि त्यानंतरही विचारले नाही.

जाळी झाकू नये, ही सूचना मोटारीच्या हस्तपुस्तिकेत होती, आणि ओढून न्यायची वेळ आल्यास चालक-चाके रस्त्यावर फिरू देऊ नयेत, कारण ती फिरली की मोटर वीज निर्माण करू लागते, ही देखील. पुस्तिका प्लॅस्टिकच्या वेष्टनात होती. ज्या वाचकांकडे अशी मोटार आहे, त्यांनी घाटाला निघण्यापूर्वी ते वेष्टन फाडावे आणि जाळी कोठे आहे ते पाहून मगच गोधड्या भराव्यात.