अतिरिक्त कार्यभार

आमच्या घरच्या संगणकावरील ब्राउझरला गेल्या पावसाळ्यात जो विकार जडला, त्याचे प्रथम लक्षण असे की, एखाद्या पानाच्या तळाशी बारीक निळ्या अक्षरांत छापलेल्या ई-मेलच्या पत्त्यावर क्लिक केले असता, पत्र लिहिण्याची चौकट समोर येण्याऐवजी एक नवी, कोरी करकरीत खिडकी उघडे. तिच्याकडे नीट पाहून घ्यावे तोच तिच्या खांद्यावरून दुसरी डोकावे, दुसरीला बाजूस सारून तिसरी पुढे येई, आणि मग मोजदाद करणाऱ्याची मती कुंठित व्हावी अशा वेगाने खिडक्यांमागून खिडक्या उघडत जाऊन, आतला पंखा घरघरू लागे, पडदा पांढुरका पडे, त्याच्या माथ्यावर ‘प्रतिसाद देत नाही’ असा शेरा उमटे, आणि काही क्षणांच्या निश्चल अवस्थेनंतर तो सगळा पसारा एकदम अंतर्धान पावे.

इथवरचा भाग एक वेळ सोसवला असता. परंतु ब्राउझर पुन्हा सुरू करावा, तर तो अत्यंत विनयपूर्वक कळवी की, झाल्या प्रकाराने आपण ओशाळलो असून, मघाच्या साऱ्या खिडक्या जशाच्या तशा पुन्हा मांडून देण्याची आपली तयारी आहे. अपराध्याने क्षमायाचना करावी आणि त्याच श्वासात अपराधाच्या पुनरावृत्तीची परवानगी मागावी, ही तऱ्हा मला अगदीच अपरिचित होती असे नाही. पण आजवर ती मी फक्त माणसांत पाहिली होती. या ब्राउझरचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. आरोप शाबीत होण्यापूर्वी कोणाचेही नाव दप्तरी दाखल करू नये, हा दंडक ज्या महसूल खात्यातून मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो, त्या खात्याने मला शिकवला. स्वतः त्याने तो किती पाळला, हा प्रश्न अलाहिदा.

संगणकाच्या दुखण्यावर औषध सांगण्यासाठी संगणक येत असण्याची मुळीच आवश्यकता नसते. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांनी सर्व हकिगत डोळे मिटून ऐकली आणि ‘बंद करून चालू करा,’ असा निवाडा दिला. तो देताना त्यांच्या मुद्रेवर जे गांभीर्य होते, ते कर्जाचा अर्ज नामंजूर करतानाही तिथे दिसत असे. पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर विचारले, ‘बाबा, कॅश क्लिअर केलीत का? कुकीज उडवल्यात?’ कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपली ओळख पुढच्या खेपेस पटावी म्हणून आपल्याच संगणकावर ठेवलेली एक चिठ्ठी, हे मला त्या सर्व चिठ्ठ्या नष्ट केल्यानंतर समजले. परिणाम एवढाच झाला की, जिथे जिथे म्हणून माझी उठबस होती, तिथे तिथे मला ‘आपण कोण?’ असे विचारण्यात येऊ लागले. ‘अहो, गॅसचा नंबर लावायचा होता, तर हा पासवर्ड मागत बसलाय,’ असा तक्रारअर्ज स्वयंपाकघरातून तोंडी दाखल झाला. खिडक्या मात्र पूर्ववत उघडतच राहिल्या.

अखेर राजवाड्याजवळच्या दुकानातला एक तरुण आला. त्याने हेल्मेट जेवणाच्या टेबलावर ठेवले, खुर्ची देऊ केली असता उभ्यानेच माउस हातात घेतला, खिडक्यांचा तो महापूर एकवार शांतपणे पाहिला आणि रोग्याची नाडी सोडावी तसा माउस सोडून म्हणाला, ‘व्हायरस आहे काका. फॉरमॅट मारावा लागेल. सी ड्राइव्हवर काही महत्त्वाचं आहे का?’

फॉरमॅट हे या व्यवसायातले ब्रह्मास्त्र होय, आणि त्याच्या यशाबद्दल शंका घेण्यास मुळीच जागा नाही. कचेरीतले सगळे दप्तर जाळून टाकले असता प्रलंबित प्रकरणांची संख्या तत्काळ शून्यावर येते, हे गणित बिनचूक आहे. परंतु माझ्या सी ड्राइव्हवर वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्याच्या प्रती, फेरफारांच्या नकला आणि भाऊबंदांशी गेली कित्येक वर्षे चाललेला सौहार्दपूर्ण पत्रव्यवहार होता. मी त्या तरुणास चहा दिला आणि प्रकरण तहकूब केले.

व्हायरसची उपपत्ती मला मान्य नव्हती. पण जाहिरातींचा संशय काही काळ माझ्याही मनात घर करून होता, कारण न मागता उघडणाऱ्या खिडकीचा इतिहास जाहिरातीच्याच घराण्यातला आहे. नेटस्केप कंपनीतील ब्रेन्डन आइक यांनी १९९५ साली अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला आराखडा उभा केला, त्या जावास्क्रिप्ट नामक भाषेने वाचल्या जाणाऱ्या पानालाच वाचकाच्या पडद्यावर नवी खिडकी उघडण्याचा अधिकार बहाल केला. आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ट्रायपॉड या संकेतस्थळावर काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी त्या अधिकाराचा उपयोग जाहिरात दाखवण्यासाठी केला. त्याला निमित्तही मोठे मासलेवाईक घडले. एका मोटार कंपनीची जाहिरात भलत्याच शृंगारिक मजकुराच्या पानावर झळकली, कंपनीची इतराजी झाली, आणि त्या पानाशी आपला संबंध नाही असे जाहिरातीस म्हणता यावे, एतदर्थ तिला वेगळ्या खिडकीत विभक्त बिऱ्हाड थाटून देण्यात आले. एका मोटारीची अब्रू वाचवण्यासाठी काढलेल्या या तोडग्याने पुढे अखिल मानवजातीला सळो की पळो करून सोडले, आणि २०१४ साली झुकरमन यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात लेख लिहून जाहीर माफी मागितली. त्या माफीमागे पुन्हा तेच करू का, अशी पृच्छा नव्हती, हे मला विशेष वाटले.

तथापि हा संशयही टिकला नाही. एक तर अशा आगंतुक खिडक्यांना उंबरठ्यावरच थोपवण्याचा बंदोबस्त ब्राउझरांनी केव्हाच केला आहे. २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने इंटरनेट एक्सप्लोररलासुद्धा ही शिस्त लावली होती. आणि दुसरे, अधिक सबळ कारण असे की, आमच्या खिडक्या कोऱ्या होत्या. कोरी खिडकी दाखवण्यासाठी पदरचे पैसे मोडणारा व्यापारी अद्याप जन्मास यावयाचा आहे.

म्हणून मी स्वतःच चौकशीस बसलो. महापुराचा लोंढा हाताबाहेर जाऊ लागला की कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटने एकदम दाबावी, टास्क मॅनेजरला पाचारण करावे आणि त्याच्याकरवी ब्राउझरचे काम थांबवावे, असा क्रम मी ठरवून टाकला. या त्रिकुटाची योजना आयबीएमच्या डेव्हिड ब्रॅडली यांची. आधी त्यांनी डिलीटच्या जागी एस्केपचे बटन योजले होते. पण ती तीन बटने एका हातानेही चुकून दाबली जाऊ शकतात असे दिसून आल्यावर, दोन्ही हात गुंतल्याशिवाय अनर्थ ओढवू नये, या धोरणाने त्यांनी डिलीटची नेमणूक केली. एवढी दूरदृष्टी फार थोड्या अधिकाऱ्यांत आढळते. मग शिफ्टचे बटन दाबून धरून ब्राउझर सुरू केला, म्हणजे त्याला चिकटलेले सारे पूरक कार्यक्रम बाजूला राहतात आणि तो एकटाच जबानी देतो. तरीही खिडक्या उघडल्याच. परंतु या खटाटोपात एक गोष्ट ध्यानी आली. बातम्या, पंचांग, पर्जन्यमान, धरणांतला पाणीसाठा, सातबारा, कोठेही क्लिक करा, ब्राउझर शहाण्यासारखा वागे. बुद्धिभ्रंश होई तो केवळ ई-मेलच्या पत्त्यापाशी.

ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये, सहसा कोणी जात नाही अशा खालच्या भागात, एक दुपाखी तक्ता असतो. डाव्या रकान्यात कामाचा प्रकार आणि उजव्या रकान्यात ते काम कोणाकडे सोपवावे त्याचे नाव: अमुक प्रकारची फाइल अमक्याने उघडावी, तमुक प्रकारची जतन करून ठेवावी, आणि पत्राचा पत्ता आला तर तो पत्रव्यवहार पाहणाऱ्या अमुक कार्यक्रमाकडे रवाना करावा. मी बोट ठेवीत ठेवीत खाली आलो. पत्राच्या ओळीसमोर, उजव्या रकान्यात, त्याच ब्राउझरचे नाव होते.

ते वाचताक्षणी माझ्या डोळ्यांपुढे एका तालुक्याची कचेरी उभी राहिली. तिथले तहसीलदार मोठे सचोटीचे आणि नियमनिष्ठ गृहस्थ होते. प्रांतसाहेब दीर्घ रजेवर गेल्यामुळे प्रांताचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे आला. सकाळी ते प्रांत कचेरीत बसत व एका रखडलेल्या प्रकरणी विलंब का झाला, याचा खुलासा तहसीलदारांकडून मागवीत. दुपारी तहसील कचेरीत येऊन ते पत्र वाचीत, किंचित अस्वस्थ होत, आणि ‘वरिष्ठांच्या अवलोकनार्थ सविनय सादर’ असा खुलासा पाठवीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुलासा त्यांना समाधानकारक वाटत नसे. मग स्मरणपत्र, त्यावर दुसरा खुलासा, त्यावर सक्त ताकीद. प्रत्येक कागद बारनिशीत नोंदला जाई, प्रत्येकाला नवा जावक क्रमांक पडे, आणि शिपाई एकाच सहीची पत्रे दोन इमारतींच्या दरम्यान उन्हातान्हात वाहून नेई. त्या सज्जनाने स्वतःला एकदाही तोंडी विचारून घेतले नाही. तसे करणे रीतीला धरून झाले नसते.

आमचा ब्राउझर नेमक्या याच सरळपणाने वागत होता. ज्याअर्थी हा ई-मेलचा पत्ता आहे, आणि ज्याअर्थी पत्रव्यवहार हे आपले काम नव्हे, आणि ज्याअर्थी तक्त्यात या कामी अमुक ब्राउझरची नेमणूक झालेली आहे, त्याअर्थी त्या ब्राउझरास नवी खिडकी उघडून प्रस्तुत पत्ता पुढील कार्यवाहीस्तव तिच्या हवाली करण्यात यावा. नव्या खिडकीच्या हाती पत्ता पडला की तीही म्हणे, ज्याअर्थी हा ई-मेलचा पत्ता आहे. कोणी आळस केला नाही, कोणी कागद दाबून ठेवला नाही. फक्त प्रत्येक खिडकी, कोरी असली तरी, मेमरीतला आपला वाटा मागून घेई. आमच्या यंत्राची मेमरी चार जीबी, ती संपली म्हणजे हार्ड डिस्कवर उसनवारी सुरू होई, आणि उसनवारीवर कारभार चालू लागला म्हणजे दिवाळे निघण्यास फारसा अवधी लागत नाही, हे सांगण्यास शेजारच्या बँकवाल्यांची गरज नव्हती. ते सांगून गेले ही गोष्ट वेगळी.

उपाय क्षुल्लक होता. त्या ओळीवर क्लिक केले असता एक यादी खाली उतरते. तीतून ‘दर वेळी विचारा’ हा पर्याय मी निवडला, अतिरिक्त कार्यभार काढून घेतला, आणि ब्राउझर त्या घटकेपासून निर्व्याधी झाला.

आता प्रश्न उरला तो जबाबदारी निश्चित करण्याचा. अशी नेमणूक आपोआप होत नाही. केव्हा तरी ब्राउझरने एक चौकट पुढे करून ‘हे काम कोणाकडे द्यावे?’ असे विचारलेले असते, तिच्या तळाशी ‘पुढेही नेहमी असेच करावे’ असा बारीक अक्षरांतला मजकूर असतो, आणि कोणी तरी ब्राउझरच्याच नावावर बोट ठेवून त्या मजकुराशेजारी टिकमार्क केलेली असते. मी घरातल्यांच्या जबान्या घेतल्या. सौभाग्यवतींनी आपण गॅस आणि पाककृती यांपलीकडे गेलेलो नाही असे निक्षून सांगितले. चिरंजीवांनी फोनवरूनच कानांवर हात ठेवले. परिस्थितिजन्य पुरावा मात्र एका दिशेने बोट दाखवीत होता. जून महिन्यात नाशिकचे मेहुणे आमच्याकडे मुक्कामास होते, आणि पेन्शनच्या कामी कोणा कार्यालयास पत्र पाठवायचे म्हणून एक दुपारभर संगणकाशी झोंबत होते. मेहुण्यांचा स्वभाव असा की, पडद्यावर कोणतीही चौकट आली तर ती वाचण्यापूर्वी घालवणे, हे ते कर्तव्य समजतात. तीत अटी असोत, शर्ती असोत, धोक्याची सूचना असो, जे बटन सर्वांत ठळक दिसेल ते दाबून ते मोकळे होतात. अशा रीतीने आजवर त्यांनी किती करारनाम्यांना संमती दिली असेल, याचा हिशेब लागणे कठीण आहे.

‘सापडला नाही कोणी, म्हणून माझ्या भावावर कशाला घालताय?’ असा उजर सौभाग्यवतींनी नोंदवला. प्रकरण मी अनिर्णीत ठेवले.

परंतु श्रावणात नाशिकहून फोन आला. मेहुण्यांच्या स्वतःच्या संगणकावर कोऱ्या खिडक्या उघडू लागल्या होत्या, त्या थांबता थांबत नव्हत्या, आणि आमच्याकडचा विकार मी बरा केल्याची वार्ता त्यांच्या कानी गेली होती. मी आरामखुर्चीत सावरून बसलो आणि अनुभवसिद्ध अधिकाराने आज्ञा देऊ लागलो: आधी तिन्ही बटने दाबा, आता ब्राउझर नव्याने उघडा, सेटिंग्जमध्ये जा, खाली या, आणखी खाली, दुपाखी तक्ता दिसतो का, उजव्या रकान्यात काय लिहिले आहे ते मला वाचून दाखवा, आणि मी सांगेपर्यंत कशालाही हात लावू नका.

पलीकडून माउसचा आवाज आला.

‘काय केलंत?’

‘काही नाही दाजी, मधेच एक चौकट आली होती.’

‘काय लिहिलं होतं तिच्यात?’

‘वाचतोय कोण! मी “हो” म्हटलं. गेली.’