जुना मित्र टिकवण्याची नियमावली (मोहर्ली परिसरासाठी)

साठी ओलांडलेल्या समस्तांस कळवण्यात येते की, जुने मित्र-मैत्रिणी ही दुर्मिळ प्रजाती असून तिची संख्या दरवर्षी घटते आहे. ताडोबात वाघांची गणना होते, यांची कोणी करत नाही. सबब पुढील नियम पाळावेत.

१. नव्या मित्राच्या भरवशावर राहू नये. त्याला आपली प्रत्येक गोष्ट मुळापासून सांगावी लागते आणि तेवढा दम आता उरलेला नसतो.

२. मोह वेचायला एकट्यानं जाऊ नये. मार्च-एप्रिलात फुलं पहाटेपासून गळतात आणि वाघाची फिरायची वेळही तीच. त्यात वाकून वेचणारा माणूस वाघाला चार पायांचं जनावर वाटू शकतो. म्हणून थोड्या थोड्या वेळानं हाक द्यावी, "आहेस का गा?" पलीकडून "हव ना! इतक्यात मरतो का बे?" असं आलं, की मैत्री सुस्थितीत आहे असं समजावं. उत्तर गोड आलं तर मित्र आजारी आहे; ताबडतोब जाऊन पाहावं.

३. शास्त्रीय आधार मागणाऱ्यांसाठी : अमेरिकेतलं हार्वर्ड विद्यापीठ १९३८ पासून माणसांच्या आयुष्यांचा पाठपुरावा करत आहे. जिव्हाळ्याची नाती असलेली माणसं उतारवयात जास्त निरोगी आणि समाधानी राहतात, असं त्यांना आढळलं. मोहर्लीत हेच काम वाघानं फुकटात केलं.

४. रुसायचं असल्यास पावसाळ्यात रुसावं. जुलै ते सप्टेंबर कोअरची सफारी बंदच असते. १ ऑक्टोबरला गेट उघडतं, त्या दिवशी रुसवाही सोडावा. मुदतवाढ मिळणार नाही.

५. दिवाळीनंतर वडशाच्या मंडळींचं झाडीपट्टी नाटक जवळपास कुठंही लागलं, तरी जोडीनं जावं. नाटक रात्रभर चालतं. तिसऱ्या अंकाला घोरू लागल्यावर कोपर मारायला हक्काचा माणूस लागतो. अनोळखी माणसानं मारलं तर भांडण होतं. कोपर मारणाराच झोपला असल्यास दोष निम्मा-निम्मा धरावा.

६. उसने पैसे पूर्ण फेडू नयेत. हिशेब मिटला की सकाळी सकाळी दारात येऊन बसायला कारण उरत नाही. शंभर रुपये कायम बाकी ठेवावेत. ते कोणाकडून कोणाला येणं आहे, हे दोघांनी चहाच्या टपरीवर रोज नव्यानं ठरवावं.