सात बंगले पाहायला निघताना

विलायतेतले जुने वाडे पाहणं सोपं असतं. नॅशनल ट्रस्टचं तिकीट काढायचं, दोरीच्या अलीकडे उभं राहून कुणा लॉर्डाचा पलंग बघायचा आणि तबेल्याच्या जागी उघडलेल्या कँटीनमध्ये चहा घ्यायचा. बर्कशरमधलं बॅसिल्डन पार्क बांधलं ईस्ट इंडिया कंपनीत गब्बर झालेल्या फ्रान्सिस साइक्सनं. वेल्समधल्या पॉविस कॅसलमध्ये टिपू सुलतानाचा तंबू आहे. माल आपला आणि तिकीटही आपणच काढायचं! त्यापेक्षा अंधेरी बरी.

अंधेरी पश्चिमेला स्थळं दोन : चार बंगला आणि सात बंगला. एकूण अकरा. ही बेरीज पाठ करावी, प्रत्यक्ष मोजायला जाऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला संस्थानिक आणि बडे पारशी वर्सोव्याच्या किनाऱ्यावर हवा खायला येत, त्यांची ही घरं. बहुतेक कधीच पडली. हवा अजून आहे, पण ती आता समुद्राकडे तोंड असलेल्या फ्लॅटच्या भावात धरलेली असते.

घाटकोपरहून मेट्रो घ्यावी. वर्सोव्यापर्यंत 40 रुपये. कुरकुर करण्याआधी एक हिशेब ऐका : दादाभाई नौरोजींनी 1867-68 सालचं भारतीय माणसाचं सरासरी वार्षिक उत्पन्न काढलं, ते भरलं 20 रुपये. म्हणजे आपण तेव्हाची दोन वर्षांची कमाई खर्चून एकेरी प्रवास करतोय, तोही उभ्यानं.

दादाभाईंचा उल्लेख उगाच केलेला नाही. विलायतेतल्या त्या वाड्यांना पैसा पुरवणारी हिंदुस्थानच्या संपत्तीची गळती आकड्यांनिशी मांडली ती त्यांनीच. 1892 मध्ये फिन्सबरी सेंट्रलमधून निवडून येऊन ते थेट पार्लमेंटात जाऊन बसले. उतारवयात मात्र राहायला आले वर्सोव्याला. वर्सोव्याच्या आधीचं स्टेशन डी. एन. नगर, म्हणजेच दादाभाई नौरोजी नगर. डब्यातल्या कुणालाही विचारा, डी. एन. म्हणजे काय? बहुतेक जण दरवाजा कुठल्या बाजूला उघडेल ते सांगतील. प्रवासात तेच जास्त उपयोगी, हेही खरं.

उतरल्यावर जे. पी. रोडवर मेट्रोच्या खांबांखालून चालावं. गाईड मिळणार नाही. ती उणीव रिक्षावाला भरून काढतो : ‘सात बंगला’ म्हटलं की ‘मार्केट की बस डेपो?’ असं विचारतो. तिसरा पर्याय त्याच्याकडे नसतो, आपणही हट्ट धरू नये.

जुनं कंपाउंड, एखादं ताडाचं झाड वगैरे दिसल्यास लगेच फोटो काढावा. पुढच्या खेपेला तिथे पत्रे लागलेले असतात आणि पत्र्यांवर पोहण्याच्या तलावाचं चित्र. आत डोकावायचंच असेल तर गेटवरचा वॉचमन ‘किसके यहाँ जाना है?’ म्हणून अडवील. तेव्हा दादाभाईंचं नाव अजिबात सांगू नका. तो शांतपणे इंटरकॉम उचलतो आणि फ्लॅट नंबर विचारतो.