नांदेडचा ह्युएन त्संग

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत मिळून चिनी, जपानी आणि कोरियन वाचता येणारा एकच माणूस आहे, असा लोकांचा समज आहे. तो माणूस म्हणजे मी. यातलं मला काही म्हणजे काही वाचता येत नाही, ही गोष्ट बायकोला, ग्रंथालयातल्या मामांना आणि लातूरच्या एका डाळ मिलमधल्या पोराला ठाऊक आहे.

सगळं सुरू झालं ते काही खोक्यांपासून. नांदेडचे एक इंजिनिअर नोकरीनिमित्त उभी हयात जपान, कोरिया, तैवान करत फिरले, परत आले, वारले. घर रिकामं करायला आलेल्या मुलानं त्यांची पुस्तकं आमच्या महाविद्यालयाला दान दिली. त्याआधी रद्दीवाल्यानं ती नाकारली होती, हे मला मागाहून कळलं. ग्रंथपाल म्हणून मीही रद्दीवाल्याचीच री ओढणार होतो, पण प्राचार्यांच्या डोक्यात महाविद्यालयांना दर्जा देणारी नॅक होती. "हे दान नाही, हे क्रायटेरियन चार आहे," ते म्हणाले. नॅकच्या चौथ्या निकषात तेव्हा ग्रंथालय यायचं. आठवड्याच्या आत जिन्याखालच्या लोखंडी कपाटावर पाटी लागली: 'पूर्व आशियाई अभ्यास कक्ष'. कपाटाला कक्ष म्हणता येतं का, असं मी विचारलं. दार उघडतं ना, म्हणाले.

आता पुस्तक न वाचता त्याला जागा देणं हा आमच्या धंद्याचा पायाच आहे. ड्युईच्या दशांश पद्धतीत चीनचा इतिहास ९५१, जपानचा ९५२, चिनी साहित्य ८९५.१, जपानी ८९५.६, कोरियन ८९५.७. आकडे तोंडपाठ. प्रश्न एवढाच, की हातातलं पुस्तक कोणत्या देशाचं, इतिहास की कादंबरी, आणि सुलटं धरलंय की उलटं.

मी युक्ती काढली. आयएसबीएनमध्ये ९७८ नंतर ४ आला की जपान, ७ आला की चीन, ८९ आला की कोरिया, ९५७ किंवा ९८६ आला की तैवान. आपल्याकडच्या पुस्तकांवर ८१ किंवा ९३ असतो, तसंच. जुन्या पुस्तकांवर हा नंबर नसतो, तिथं नजर चालवायची. अक्षरांत वाटोळी शून्यं दिसली की कोरियन. दाट अक्षरांच्या गर्दीत मधेमधे मोकळी, वळणदार अक्षरं दिसली की जपानी. नुसतीच गर्दी असेल तर चिनी. चिनी-जपानी संचांच्या भागांवर पुष्कळदा आकड्यांऐवजी वर, मधे, खाली अशी तीन चिन्हं असतात. ती मी शिकलो, आणि एक ते दहा शिकलो. माझी विद्या एवढीच, पण ती पुढं लातूरपर्यंत गेली.

शिक्के मारायचं काम मामांकडे होतं. उभ्या ओळींचं जपानी पुस्तक आपल्या हिशेबानं मागून सुरू होतं, हे त्यांना सांगायचं राहिलं. त्यांनी तीस वर्षांच्या सवयीनं महाविद्यालयाचा गोल शिक्का शेवटच्या पानावर, तारखेची चिठ्ठी पहिल्या पानावर आणि बारकोड थेट मुखपृष्ठावर चिकटवला. "सर, मी बरोबरच लावलं, पुस्तकच उलटं हाय," हे त्यांचं म्हणणं आजही खोडून काढता आलेलं नाही.

उद्घाटनाला बोलावलेले प्रमुख पाहुणे चिनी प्रवासी ह्युएन त्संगपासून निघाले, सातव्या शतकात पुलकेशीच्या महाराष्ट्रातून फिरले आणि थेट सोलापूरला उतरले, कारण डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथंच वारले. सगळं खरं, आणि मोठंही. आमच्या कपाटाशी त्याचा संबंध काय, ते पाहुण्यांनाच ठाऊक. मग मी कौतुकानं एक जाडजूड सचित्र पुस्तक त्यांच्या हातात दिलं. मागच्या पानावरचे चार आणि पाच हे आकडे मी स्वतः वाचले होते आणि दाखलनोंद वहीत साल टाकलं होतं १९४५. पाहुणे हेलावले. "हिरोशिमा ज्या वर्षी बेचिराख झालं त्या वर्षी हा देश पुस्तक छापत होता!" टाळ्या. पुस्तकात गुळगुळीत रंगीत फोटो, हसरी माणसं, भव्य मंडप. बेचिराख देशात एवढी मौजमजा कशी, ही शंका सभागृहात कुणालाही आली नाही. मलाही नाही. पुढं उन्हाळ्यात कागद तापून बारकोड सुटला, तेव्हा खाली रोमन लिपीत 'एक्स्पो ७०' निघालं. जुन्या जपानी पुस्तकांवर साल पुष्कळदा सम्राटाच्या कारकिर्दीचं असतं. शोवा कारकीर्द १९२६ ला सुरू झाली, तिचं पंचेचाळिसावं वर्ष म्हणजे १९७०. ते ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनाचं पुस्तक होतं. पण तोवर पाहुण्यांनी मला बहाल केलेली 'नांदेडचा ह्युएन त्संग' ही पदवी पेपरात छापून आली होती, आणि पेपरात आलेलं वहीतल्या खाडाखोडीनं बदलत नाही.

खरं म्हणजे ज्यांना ही पदवी शोभली असती असे लोक महाराष्ट्रात होऊन गेलेत. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये पु. वि. बापट होते. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ चिनी भाषांतराच्या रूपात टिकून राहिला होता. बापटांनी तो चिनीतून वाचला, बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग'शी ओळीला ओळ लावून ताडून पाहिला आणि १९३७ साली तो अभ्यास छापला. त्याच वर्षी शांतिनिकेतनात चीन भवन सुरू झालं. बापटांचं नाव मी रात्री मनातल्या मनात घेतो आणि माफी मागतो.

रंगनाथनांच्या १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं तिसरं असं, की प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. मी वाचक शोधायला लागलो, हा पुढच्या सगळ्या घोटाळ्याचा उगम. पहिली आली ती कंधारकडची बी.एस्सी.ची मुलगी. मालिका बघून बघून कोरियन अक्षरं शिकलेली. राजा सेजोंगनं ती लिपी १४४६ साली जाहीर केली तीच मुळी सामान्य माणसाला चटकन यावी म्हणून, त्यामुळं कंधारच्या मुलीला ती आली यात नवल नाही. ती मला येत नाही, यात सेजोंगचा दोष नाही. 'कोरियन तत्त्वज्ञान' म्हणून मी लावलेलं पुस्तक तिनं उघडलं, बोट ठेवून ठेवून वाचलं आणि म्हणाली, "सर, यात कोबीचं लोणचं घालायलेत."

दुसरे आले दाभडचे एक सेवानिवृत्त गुरुजी. त्यांनी पिशवीतून बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढलं. तैपेईच्या एका बौद्ध संस्थेनं छापून मोफत वाटलेली ही प्रत आपल्याकडं अनेक घरांत आहे. मराठवाड्यातल्या पुष्कळ लोकांनी आयुष्यात पाहिलेली चिनी अक्षरं तेवढीच, त्या पुस्तकाच्या शेवटी. तिथंच चिलखत घातलेला एक योद्धा उभा असतो. हे कोण, असं गुरुजींनी विचारलं. मी चार दिवसांची मुदत मागितली आणि खरोखर शोधून काढलं: वेइतुओ, धम्माचा रक्षक, मूळ आपला स्कंद. गुरुजी खूश. मग त्यांनी अक्षरांवर बोट ठेवलं. "आणि हे?" मी म्हणालो, छपाईला पैसे देणाऱ्यांची नावं असावीत. "मग वाचा की. आपल्यासाठी पैसे दिलेत त्यांनी, नावं तरी कळू द्या." मी गप्प. गुरुजींनी पुस्तक पिशवीत घातलं. "इतकी वर्षं तुम्ही इथं काय वाचायलाव?"

त्यानंतर तरी मी शहाणं व्हायला हवं होतं. पण जानेवारीत लातूरहून फोन आला. एका डाळ मिलच्या मालकांच्या सॉर्टेक्स मशिनचा पडदा अचानक चिनी झाला होता. इकडं नव्या तुरीची आवक, तिकडं कंपनीत चिनी नववर्षाची सुट्टी, फोन कुणी उचलेना. "साहेब, तुमचं नाव पेपरात वाचलंय, गाडी पाठवू का?" नाही म्हणायचं होतं, पण शब्द फुटला तो "पाठवा".

लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडीत मी एक ते दहा घोकत होतो. मिलमध्ये मला चहा, खुर्ची आणि शाल मिळाली. शाल आधीच दिली, हे वाईट झालं. वरून डाळ पन्हाळीतून घसरते, कॅमेरा एकेक दाणा टिपतो आणि काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेचा फटकारा त्याला बाजूला उडवतो, एवढं मला समजावण्यात आलं. पडद्यावर नजर टाकली आणि छाती भरून आली. 'वर' आणि 'खाली' ही दोन्ही चिन्हं समोर! कामगार भोवती जमले. मी ग्रंथपालाच्या गांभीर्यानं 'खाली' दाबलं. आणखी दाबलं. मशिननं एक दीर्घ सुस्कारा टाकला आणि पिवळीधमक डाळ चुणीच्या पोत्यात जायला लागली. डागी दाणे, खडे, सालं सगळी मालाच्या पोत्यात.

मालक काही बोलले नाहीत. लातूरचे व्यापारी नुकसान होत असताना बोलत नाहीत, आधी मोजतात.

तेवढ्यात औशाकडचा एक हमाल पोरगा पुढं आला, खिशातून मोबाईल काढला आणि कॅमेरा पडद्यासमोर धरला. चिनी अक्षरांच्या जागी हिंदी अक्षरं उमटली. त्यानं दोन ठिकाणी बोट लावलं, पडदा इंग्रजी झाला, डाळ डाळीच्या जागी आली. "हे आधी का नाही केलंस रे?" मालक ओरडले. पोरगा म्हणाला, "नांदेडहून साहेब येणार म्हणलाव ना तुम्ही."

जाताना मला पाच किलो फटका डाळ मिळाली. ती मानधन होती की चुकीच्या पोत्यातली होती, हे घरी निवडायला बसल्यावर बायकोनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या कानावर सगळं घातलं. वाटलं, आता पाटी उतरेल. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वही उघडली, 'उद्योगक्षेत्रास तज्ज्ञ सल्ला' असं लिहिलं आणि मान वर केली. "जिओ टॅगचा फोटो काढला ना?"